माकडाची परीक्षा आणि परीक्षकाचे माप

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत करोल बाग येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आम्ही माकडांच्या बुद्धीवर बोलणार, असे सूचनाफलकावर लागले तेव्हा अनेक स्नेह्यांनी आम्हांस वाटेत थांबवून विचारले, की विषय छापताना काही घोटाळा तर झाला नाही ना? घोटाळा मुळीच झालेला नाही. संतवाङ्मय, शिवचरित्र, नाट्यसंगीत या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारे वक्ते आपणांस नेहमीच लाभत आले आहेत. आम्ही कला शाखेचे पदवीधर, आणि उभे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेलेले. तथापि प्राण्यांच्या बुद्धीविषयीचे संशोधन आम्ही पुष्कळ वर्षे आवडीने वाचत आलो आहोत. माकडाची परीक्षा घेणारी संगणकीय यंत्रे कशी निघाली आणि त्यांनी काय दाखविले, हे त्यातील एक प्रकरण आम्हांस विशेष मोलाचे वाटले. त्यात माकडाइतकीच परीक्षकाचीही कथा आहे. आणि परीक्षा हा विषय दिल्लीतील एकाही मराठी घराला परका नाही.

माकडही आपणांस परके नाही. करोल बागेला लागूनच रिजचे जंगल आहे. झंडेवाला मेट्रो स्थानकाजवळ हनुमंताची १०८ फुटी मूर्ती उभी आहे, आणि तिच्या सेवकांचा संचार आपल्या गच्च्यांवर चालू असतो. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया घालून निश्चिंत मनाने खाली येणारी गृहिणी दिल्लीत सापडणे कठीण. पाण्याच्या टाकीचे झाकण कसे उघडावे, कोणत्या पिशवीत केळी आहेत आणि कोणत्या पिशवीत नुसती कागदपत्रे, हे या प्राण्याला कोणी शिकविले, असा प्रश्न आपणांपैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडला असेल. २०२३ साली जी-२० परिषदेच्या वेळी माकडांना धाक बसावा म्हणून राजधानीत लंगुरांच्या मोठमोठ्या प्रतिमा उभारण्यात आल्या होत्या. सरकारनेही माकडाच्या बुद्धीविषयी काही एक अंदाज बांधला होता, असाच त्याचा अर्थ!

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. मराठीत आपण 'वानर' आणि 'माकड' असा भेद करतो. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, आणि लाल तोंडाचे ते माकड. परंतु दिल्लीचे माकड आणि आपल्याकडील सह्याद्रीतले माकड यांची जात एक नव्हे. उत्तरेकडील आखूड शेपटीच्या जातीला शास्त्रज्ञ 'ऱ्हीसस' म्हणतात. दक्षिण महाराष्ट्रापासून खाली कन्याकुमारीपर्यंत जे आढळते ते टोपी माकड. त्याच्या डोक्यावरील केस टोपीसारखे दिसतात आणि शेपूट चांगली लांब असते. या दोन्ही भावंडांची गाठ आपणांस पुढे पडणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माकडाला बुद्धी किती? आपल्या पूर्वजांना याविषयी फारशी शंका नव्हती. दोन मांजरांच्या भांडणात लोण्याचा गोळा स्वतःच फस्त करणारे माकड, मगरीला फसवून झाडावर परतणारे माकड, अशा कथा आपण बालपणी ऐकल्या. पण त्याच भाषेत 'माकडाच्या हाती कोलीत' असेही म्हटले जाते. अर्थात कथा हा पुरावा नव्हे. पुरावा हवा असेल तर परीक्षा घ्यावी लागते, आणि परीक्षा म्हटली की परीक्षक आला.

परीक्षकापासून किती सावध राहावे लागते, याचा धडा एका घोड्याने दिला. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा फार गाजला. मालकाने बेरीज-वजाबाकी विचारावी आणि घोड्याने खूर आपटून उत्तर द्यावे, असा तो प्रकार. विद्वानांच्या समितीलाही त्यात लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या तरुण मानसशास्त्रज्ञाने बारकाईने तपास केला आणि १९०७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खुरांची संख्या उत्तराशी येऊन ठेपली, की विचारणाऱ्याच्या मस्तकाची नकळत किंचित हालचाल होई, आणि घोडा ती टिपून थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, की घोडाही अनुत्तीर्ण! मालक लबाड नव्हता. परीक्षकाचा चेहराच प्रश्नपत्रिकेबरोबर उत्तरपत्रिकाही पुरवीत होता.

यानंतर परीक्षकाने प्राण्याच्या दृष्टीआड राहावे, हा दंडक पडला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांसाठी एक उपकरण रूढ केले. पिंजऱ्यासमोर एक ट्रे, ट्रेमध्ये खळगे, प्रत्येक खळग्यावर निराळी वस्तू आणि त्यांपैकी एकीखाली बेदाणा किंवा शेंगदाणा. मध्ये वर-खाली होणारा पडदा असे. त्यामुळे परीक्षक मांडणी करीत असता माकडाला काही दिसत नसे. १९४९ साली हार्लो यांनी दाखवून दिले, की अशा तीनशेहून अधिक कोड्यांतून गेलेली माकडे पुढे नवे कोडे जवळजवळ दुसऱ्याच प्रयत्नात सोडवू लागतात. पहिल्या कोड्यांना कितीतरी प्रयत्न लागत, नंतर एक चूक पुरेशी होई. माकड उत्तरे पाठ करीत नव्हते. शिकावे कसे, हेच ते शिकत होते.

याच धर्तीच्या कसोट्या आपल्या शेजारीही घेतल्या गेल्या आहेत. मीरतचे मानसशास्त्रज्ञ शिवदान सिंह यांनी उत्तर भारतातील शहरी ऱ्हीसस माकडे आणि अरण्यातील ऱ्हीसस माकडे यांची तुलना केली. त्यांचा याविषयीचा लेख १९६९ साली 'सायंटिफिक अमेरिकन' या सुप्रसिद्ध मासिकात आला. आपणां सर्वांचा समज असा, की बाजारात वावरणारे माकड रानातल्यापेक्षा हुशार असणारच. सिंह यांना शिकण्याच्या कसोट्यांत दोहोंमध्ये उल्लेखनीय फरक आढळला नाही. फरक आढळला तो वागणुकीत. शहरी माकडे अधिक आक्रमक होती, रानातल्या माकडांवर वर्चस्व गाजवीत होती आणि नव्या वस्तू हाताळण्यास अधिक उत्सुक होती. शहराने त्यांचा स्वभाव बदलला होता. अक्कल होती तेवढीच राहिली होती. गावाकडून नुकत्याच आलेल्या भावंडाला आपण दिल्लीकर जेव्हा किंचित वरच्या पट्टीत सल्ला देतो, तेव्हा हा निष्कर्ष स्मरणात ठेवण्यासारखा आहे.

तथापि पडदा आणि ट्रे यांच्या या परीक्षेतही एक खोट होती, आणि ती पुष्कळ काळ ध्यानात आली नाही. ट्रेमध्ये पाहायची वस्तू, हात लावायची जागा आणि खाऊ ही तिन्ही एकाच ठिकाणी असत. ही तिन्ही एकमेकांपासून थोडीशी जरी दूर केली, तरी माकडांचे शिकणे मंदावे. यावरून असा समज दृढ झाला, की दूरच्या गोष्टींचा परस्परसंबंध जोडणे माकडाच्या आवाक्याबाहेरचे आहे. समज वाजवी दिसत होता. आकडेही त्याच्या बाजूने होते.

अशा स्थितीत संगणक आला. अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या भाषासंशोधन केंद्रात ड्युएन रंबॉ, डब्ल्यू. के. रिचर्डसन आणि डेव्हिड वॉशबर्न यांनी एक संगणकीय परीक्षायंत्र सिद्ध केले व १९८९ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. एबल आणि बेकर या दोन ऱ्हीसस माकडांपुढे त्यांनी संगणकाचा पडदा ठेवला आणि हाताशी एक जॉयस्टिक दिली. आपली मुले व्हिडिओ खेळासाठी वापरतात तसलाच तो दांडा. तो हलविला की पडद्यावरचा ठिपका हलतो, ठिपका लक्ष्यावर नेऊन टेकविला की खाद्याची एक गोळी बाहेर पडते. म्हणजे हात एका ठिकाणी, चित्र दुसऱ्या ठिकाणी आणि खाऊ तिसऱ्याच ठिकाणी! जुन्या समजुतीप्रमाणे हे माकडाला जमायला नको होते. पण एबल आणि बेकर यांनी ते आत्मसात केले. पुढे ही दोघे पडद्यावर पळणाऱ्या लक्ष्याचा पाठलाग करू लागली. १९९१ सालच्या एका प्रयोगात तर अंकांच्या जोडीतून मोठा अंक निवडण्यातही ती तरबेज झाल्याचे दिसले. जेवढा अंक निवडावा तेवढ्या गोळ्या मिळत.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. १९४९ चे माकड आणि १९८९ चे माकड यांच्या मेंदूत चाळीस वर्षांत काही बदल झालेला नव्हता. बदलले होते ते उपकरण. जी उणीव माकडाच्या खाती मांडली गेली होती, तिचा मोठा वाटा ट्रेच्या खाती मांडावयास हवा होता. हिशेब तपासणाऱ्यांना हे सांगावयास नको, की रक्कम चुकीच्या शीर्षाखाली पडली, तरी बेरीज बरोबरच येते!

यंत्राचे गुण कोणते, ते थोडक्यात सांगतो. ते कंटाळत नाही, चिडत नाही, नकळत मान हलवीत नाही. सर्व उमेदवारांना एकच प्रश्न एकाच रीतीने विचारते आणि उत्तराला लागलेला वेळ अचूक नोंदविते. आणखी एक सोय म्हणजे माकडाला आपल्या राहत्या जागेतच, आपल्या सवडीने, मन होईल तेव्हा प्रश्न सोडविता येऊ लागले. परीक्षेची घंटा उमेदवाराच्या हाती आली.

या अखेरच्या गोष्टीचे महत्त्व वॉशबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दुसऱ्या एका प्रयोगाने दाखविले. पडद्यावर चिन्हांची यादी देऊन कोणता खेळ खेळावयाचा, ते माकडाला निवडू दिले. मग तेच खेळ निवडीची संधी न देता नेमून दिले. खेळ तेच, खाऊ तोच, माकडेही तीच. परंतु स्वतः निवडलेल्या खेळात त्यांची कामगिरी सरस ठरली. आम्ही हा प्रयोग प्रथम वाचला, तेव्हा माकडांचा विषय बाजूला राहिला आणि आपल्या घरोघरी दहावीनंतर शाखानिवडीवरून चालणारे संवाद आठवले.

दुसरा एक प्रयोग याहून सूक्ष्म आहे. रॉबर्ट हॅम्प्टन यांनी २००१ साली ऱ्हीसस माकडांना टचस्क्रीनवर एक चित्र दाखविले. थोडा काळ गेल्यावर, मघाचे चित्र चार चित्रांतून ओळखावयाचे होते. मात्र परीक्षेपूर्वी माकडाला दोन वाटा मोकळ्या असत. परीक्षा द्यावी, बरोबर आले तर आवडीचा खाऊ आणि चुकले तर काही नाही. अथवा परीक्षा नाकारावी आणि कमी आवडीचा, पण हमखास मिळणारा खाऊ घ्यावा. माकडांनी आपण होऊन दिलेल्या परीक्षांत उत्तरे अधिक बरोबर आली. सक्तीने दिलेल्या परीक्षांत तितकी आली नाहीत. मुळात चित्रच दाखविले नसेल, तर माकडे परीक्षा अधिक वेळा नाकारीत. आपल्याला आठवते आहे की नाही, याची काही जाणीव त्यांना असावी, असे यातून दिसते. 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याची सोय परीक्षेत ठेवली, म्हणून हे कळले. ती सोय नसती, तर माकडाने अंदाजाने बोट ठेवले असते आणि आपण त्याला चूक किंवा बरोबर एवढेच म्हटले असते.

टचस्क्रीनवरच एलिझाबेथ ब्रॅनन आणि हर्बर्ट टेरेस यांनी १९९८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संख्यांचा प्रयोग केला. शेक्सपिअरच्या नाटकांतून रोझेन्क्रांट्झ आणि मॅकडफ अशी नावे मिळालेल्या दोन माकडांना एक ते चार वस्तूंची चित्रे चढत्या क्रमाने स्पर्शावयास शिकविले. वस्तूंचा आकार, रंग, मांडणी सतत बदलत ठेवली, जेणेकरून संख्येवाचून दुसरा आधार राहू नये. नंतर न शिकविलेल्या पाच ते नऊ या संख्यांच्या जोड्या पुढे आल्या. त्यांचाही क्रम माकडांनी लावून दाखविला.

फ्रान्समध्ये मार्सेयजवळ रूसे येथे जोएल फागो यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. तेथे बबून माकडांचा कळप मोकळ्या आवारात राहतो. कडेला लहान खोपटी आहेत आणि प्रत्येकात टचस्क्रीन आहे. बबूनच्या हातात त्वचेखाली एक इवलीशी चकती बसविलेली असते. तिच्यावरून संगणक ओळखतो, की हा अमुक बबून आला, आणि त्याने काल जेथे सोडले तेथून पुढचा प्रश्न मांडतो. बरोबर उत्तरास गव्हाचे दाणे मिळतात. हजेरी सक्तीची नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहा बबूनांनी इंग्रजीतील चार अक्षरी खरे शब्द आणि अक्षरांची निरर्थक जुळणी यांतला भेद सुमारे पंचाहत्तर टक्के वेळा अचूक ओळखला. एकाची मजल तर तीनशेहून अधिक शब्दांपर्यंत गेली. त्यांना शब्दांचा अर्थ कळत होता, असे कोणीही म्हणत नाही. पण अक्षरांच्या जुळणीतील नियमितता हेरण्याचे कसब भाषेवाचूनही असू शकते, एवढे यातून दिसले.

आपल्या देशातील उदाहरण बेंगळुरूचे आहे. भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोपी माकडांसाठी, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या माकडांच्याच भाऊबंदांसाठी, नैसर्गिक वातावरणासारखा निवारा तयार केला. त्याला लागून टचस्क्रीनची जागा ठेवली. पूर्वी माकडाची नजर अचूक टिपावयाची तर त्याचे मस्तक जखडून ठेवावे लागे. येथे हनुवटी टेकवून रस पिता पिता माकड पडद्याकडे पाहते आणि यंत्र त्याच्या डोळ्यांची हालचाल टिपते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातील एक गोष्ट आम्हांस फार भावली. पडद्यावरील दोन चित्रे सारखी की निराळी, हे ओळखण्याचे काम दोन माकडांना शिकविलेले होते. तिसरे अनभिज्ञ होते. ते या दोघांच्या संगतीत राहिले, त्यांचे पाहत गेले आणि अल्पावधीत हे अवघड काम शिकले. एकेकट्या पिंजऱ्यात परीक्षा घेणाऱ्याला ही बुद्धी कधीच दिसली नसती. कारण ही बुद्धी संगतीत उमलणारी आहे.

यावरून यंत्र म्हणजे अंतिम न्यायाधीश, असे मात्र कोणी समजू नये. जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या अयुमु नावाच्या तरुण चिंपांझीने २००७ साली पडद्यावर क्षणमात्र झळकलेले अंक स्मरणातून क्रमाने दाखविण्यात विद्यार्थ्यांना मागे टाकले. जगभर गाजावाजा झाला. पुढे इतर संशोधकांनी दाखविले, की माणसांना तितका सराव दिला तर तीही त्या पातळीला पोहोचतात. तयारी असमान असेल, तर संगणकाचे मापही फसवे ठरते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या ज्ञानाची किंमत माकडांनी मोजली आहे. ज्या हार्लो यांचा आम्ही गौरवाने उल्लेख केला, त्यांनीच पिलांना आयांपासून तोडून एकांतात ठेवण्याचे प्रयोग केले. आज ते वाचवत नाहीत. पोलिओच्या लशीसाठी आणि इतर प्रयोगांसाठी आपल्या देशातून ऱ्हीसस माकडे फार मोठ्या संख्येने परदेशी जात. ती केवळ वैद्यकीय कारणासाठीच वापरावी, हा करार पाळला जात नसल्याचे निदर्शनास आल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ पासून ही निर्यात बंद केली. माकड आपण होऊन येते, वाटेल तेव्हा उठून जाते, कळपात राहते, ही आजच्या चांगल्या उपकरणांची रीत आम्हांस म्हणूनच दुहेरी मोलाची वाटते. वागणूक माणुसकीची झाली, तेव्हाच मापही अधिक खरे झाले.

आता हे सारे आपल्या मंडळात सांगण्याचे प्रयोजन. माकडांच्या प्रयोगांवरून आपल्या मुलांविषयी निष्कर्ष काढावेत, असे आमचे म्हणणे नाही. पण परीक्षकाने काय शिकावे, ते यातून अवश्य घ्यावे. आपणांपैकी बहुतेक कुटुंबे बदलीवर दिल्लीत आलेली आहेत. शाळेच्या भर वर्षात सोलापूरचा, अकोल्याचा, रत्नागिरीचा मुलगा येथील वर्गात जाऊन बसतो. प्रश्न हिंदीत किंवा इंग्रजीत पडतो, उत्तर त्याच्या मनात मराठीत उभे राहते, आणि ते ओठांवर येईपर्यंत शिक्षक पुढच्या बाकाकडे वळलेले असतात. सहामाहीचे गुण घरी येतात आणि घरातले म्हणतात, "पोरगं तिकडे हुशार होतं, इथे आल्यावर मागे पडलं." ते मागे पडलेले नसते. त्याच्यापुढे अजून ट्रेच ठेवलेला असतो. ज्या वर्षी त्याला धीर हवा, त्याच वर्षी आपण त्याच्या कपाळी शिक्का मारतो, आणि तो शिक्का मुले फार काळ वागवितात. आपल्या पिढीतीलही कितीजणांनी तो वागविला असेल, याची मोजदाद कोणत्याही यंत्राने केलेली नाही.

मंडळ शाळांचे नियम बदलू शकणार नाही. पण आपल्या हाती जे आहे ते थोडे नाही. गणेशोत्सवात आपण वक्तृत्वाच्या आणि पाठांतराच्या स्पर्धा घेतो. त्यांत विषय नेमून न देता मुलांना निवडू द्यावा. घड्याळाचा धाक थोडा सैल करावा. 'मला येत नाही' असे म्हणणाऱ्या मुलाला हसू नये. आपल्याला काय येत नाही, हे कळणे हीदेखील बुद्धीच आहे. नव्याने बदलून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी स्पर्धेत उभे न करता जुन्या मुलांच्या संगतीत नुसते बसू द्यावे, तालमी पाहू द्याव्यात. बेंगळुरूच्या तिसऱ्या माकडाप्रमाणे ते पाहून पाहून शिकेल. पन्नास वर्षांत या मंडळाने नाटके केली, पालख्या काढल्या, अडल्यानडल्यांना आसरा दिला. परक्या शहरात आपल्या मुलांचे माप घाईने काढले जाणार नाही, अशी एक जागा पुढल्या पन्नास वर्षांसाठी राखून ठेवली, तर तेही मोठे कार्य होईल.

घरी जाताना रिजकडच्या रस्त्याला एखादे माकड भिंतीवर बसून आपल्याकडे टक लावून पाहत असेल, तर हातातील प्रसादाची पुडी तेवढी सांभाळावी. आपल्या हाती काय आहे, याची परीक्षा ते केव्हाच घेऊन बसलेले असते.